जुनी मोटरसायकल घरी दुरुस्त करताना आणि बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं हवेवर थंड होणाऱ्या, एक किंवा दोन सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. आकडे बहुतेक गाड्यांना लागू पडतील असे आहेत, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा माना.

गाडी घरी आणली. आधी काय खोलायचं?

काहीच नाही. पहिल्याच रविवारी गाडी नट-बोल्टपर्यंत सोडवली की ती बहुधा खोक्यांतच राहते. आधी कागदपत्रांवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. मग चार गोष्टी बघा: इंजिन फिरतं का, कॉम्प्रेशन आहे का, प्लगला करंट येतो का, सगळे गिअर पडतात का. या चारांवरच खर्च कुठे होणार ते ठरतं. रंग आणि क्रोम कितीही वाईट दिसत असले तरी त्यांची पाळी शेवटी.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारू नका. प्लग काढून भोकातून १० मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. चिकटलेली रिंग किकच्या झटक्याने तुटते, हाताने फिरवली तर सुटते. एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंडही उघडून बघा, उंदरांना या दोन्ही जागा फार आवडतात.

मग जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तळाशी चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली ती पोलादाची, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. न चिकटणारी पिवळसर असेल तर बुशची, चंदेरी असेल तर पिस्टन किंवा केसिंगची. अगदी बारीक करडी पेस्ट थोडीशी असणं नेहमीचं आहे. चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला तर मात्र इंजिन उघडल्याशिवाय चालवू नका.

किक जाम आहे. इंजिन जाम झालं असं समजायचं का?

लगेच नाही. किकचा गिअर किंवा त्याची स्प्रिंग अडकूनही किक जाम होते. मॅग्नेटचं झाकण काढा, प्लग काढा आणि क्रँकच्या नटला पाना लावून फिरवून बघा. फिरलं तर दोष किकच्या यंत्रणेत आहे.

नाही फिरलं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून ३०-४० मिली प्लगच्या भोकातून सोडा. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा हे काम उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. हे मिश्रण टिकत नाही, तेल खाली आणि अ‍ॅसिटोन वर असं वेगळं होतं, म्हणून ओतण्याआधी हलवा. तीन-चार दिवस ठेवा, रोज थोडी भर घाला. मग नट घट्ट होण्याच्या दिशेने पाना लावून पुढे-मागे हलकं डोलवा. केसाएवढी हालचाल झाली तरी काम झालं, आता घाई नको. नट सैल होण्याच्या दिशेने जोर लावलात तर नटच सुटेल.

तरीही हललं नाही तर हेड काढून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर हातोडी मारा. ठोकळा पिस्टनच्या तोंडापेक्षा किंचितच लहान हवा. पिस्टन अगदी वर, टॉपला अडकला असेल तर हा उपाय करू नका. तिथे कनेक्टिंग रॉड सरळ उभा असतो आणि प्रत्येक ठोका थेट क्रँकच्या बेअरिंगला बसतो.

कॉम्प्रेशन किती हवं?

चार-स्ट्रोकला साधारण १२० ते १७० पीएसआय, दोन-स्ट्रोकला १०० च्या वर. गेज लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा दमदार किका मारा. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण आत हवाच जात नाही.

चार-स्ट्रोकचा आकडा कमी आला तर आधी व्हॉल्व्हची फट तपासा. फटच उरलेली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. पुष्कळदा दोष एवढ्यातच असतो. फट बरोबर असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग-बोअर गेलं. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

रिंगा बदलून भागेल की बोअर करावं लागेल?

मोजल्याशिवाय सांगता येत नाही. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सहा आकडे येतील. त्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा घालणं म्हणजे थोड्या दिवसांची उसनवारी. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने बघा. नव्या रिंगेला ही फट बोअरच्या साधारण ०.४ टक्के असते. ६० मिमी बोअरला ती पाव मिमीच्या आसपास येते.

आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बोअर करणाऱ्याकडे न्या. ओव्हरसाइज पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीच्या टप्प्यांत मिळतात, पण प्रत्येक पिस्टनचं खरं माप जरा इकडेतिकडे असतं. म्हणून हातातला पिस्टन मोजूनच बोअर व्हायला हवं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट चार-स्ट्रोकला साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी. हवेवर थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोकला त्याहून थोडी जास्त लागते.

यानंतर एक पायरी असते आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते: सिलिंडर धुणं. होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतर दगडाने घासून पाडलेल्या, रेघांत अपघर्षक दगडाची भुकटी अडकलेली असते. पेट्रोलने पुसलं तर ती हलत नाही, उलट खोल बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश घेऊन घासा, लगेच वाळवा. मग ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं करडं झालं की पुन्हा धुवा. फडकं पांढरं राहील तेव्हा सिलिंडर स्वच्छ झाला. हे केलं नाही तर नव्या रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच झिजतात आणि दोष मात्र पिस्टन बनवणाऱ्याला मिळतो.

पिस्टन बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायला विसरू नका. पिनच्या लॉकची उघडी बाजू वर किंवा खाली ठेवा, आडवी नाही. जुनं लॉक पुन्हा वापरू नका. रिंगेवर अक्षर किंवा ठिपका असेल तर ती बाजू वर.

दोन-स्ट्रोक गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं. का?

क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल ओढतंय. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर धूर नसतो, त्याऐवजी बाहेरची हवा आत येते. मग गाडी आपोआप रेस धरते, गरम होते आणि शेवटी सीझ होते. सील रबराचं असतं, ते न चालवताही कडक होतं. त्यामुळे जुन्या दोन-स्ट्रोकला पहिल्याच फेरीत दोन्ही सील बदला.

पेट्रोलमध्ये ऑइल किती, हाही प्रश्न याच गाड्यांचा. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. ‘सुरक्षित असावं’ म्हणून दुप्पट ऑइल टाकणारे पुष्कळ आहेत. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे इंजिन उलट लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालतं. मॅन्युअलमधलं प्रमाण पाळा, ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या.

आणि चार-स्ट्रोकला कारचं ऑइल चालतं का?

क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर नाही. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि त्यांनी क्लच प्लेट घसरतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा.

टाकी आतून गंजली आहे. घरी साफ होते का?

होते. गंज वरवरचा असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड सगळ्यात सोपं. आधी टाकीचं झाकण, पेट्रोल कॉक आणि फ्लोटची तार काढा, कारण अ‍ॅसिड जस्ताचे भाग खातं. भोकं रबरी बुचाने बंद करा. साबणाच्या गरम पाण्याने जुन्या पेट्रोलचा चिकट थर काढा. हा थर राहिला तर अ‍ॅसिड गंजापर्यंत पोचतच नाही. मग लिटरला ६० ते ८० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरून हलवत बसलात तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. १२ ते २४ तास ठेवा, मध्येच टॉर्च मारून बघा. फार जाड पापुद्रे असतील तर मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा.

अ‍ॅसिड ओतून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच गरम हवेने वाळवा. इथे पाच मिनिटंही फार असतात, ओलं पोलाद डोळ्यांदेखत पिवळं पडतं. वाळली की थोड्या पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोकचं ऑइल मिसळून आत घोळवा.

टाकीत चिकट लेप फक्त बारीक छिद्रं असतील तरच वापरा. तसं करणार असाल तर ऑइल घोळवू नका, लेप धरणार नाही. नीट साफ न केलेल्या टाकीत घातलेला लेप काही वर्षांनी पापुद्र्यांनी सुटतो, कॉकमध्ये अडकतो आणि मग तो काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड होतं.

दुसरा उपाय विजेचा. धुण्याचा सोडा दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा, टाकीला चार्जरची ऋण बाजू, आत टाकीला न टेकता सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला धन बाजू. स्टेनलेस स्टीलची सळई कधीच वापरू नका, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या प्रक्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करा आणि चिमटे लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद करा.

टाकीला घरी वेल्डिंग करू नका. धुतलेल्या, वास न येणाऱ्या टाकीतही पेट घेण्याएवढी वाफ उरू शकते.

कार्ब्युरेटर तीन वेळा साफ केला, तरी गाडी नीट धरत नाही.

बहुधा पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक भोकाचं जेट, अजून बंद आहे. त्याचं भोक इतकं बारीक असतं की उजेडाकडे धरल्यावर पूर्ण गोल ठिपका दिसला तरच ते उघडं माना. अर्धा ठिपका म्हणजे अर्धं बंद. पोलादी तार घालू नका, पितळी जेट मोठं होतं. केबलमधली तांब्याची एक तार, क्लीनर आणि हवेचा झोत एवढं पुरे. डोळे झाका, क्लीनर दुसऱ्या भोकातून थेट चेहऱ्यावर येतो. जेटइतकीच बॉडीच्या आतली वाट महत्त्वाची: पायलट स्क्रूच्या भोकात क्लीनर मारला की तो व्हेंचुरीतल्या (हवा जाते त्या मुख्य नळीतल्या) बारीक छिद्रातून बाहेर आला पाहिजे. साफ करण्याआधी रबराचे सगळे भाग काढून ठेवा.

ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची सुई बघा. तिच्या टोकावर झिजून कडं उमटलेलं असेल तर ती बदला. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. फ्लोटची उंची मोजताना सुई नुसती टेकलेली असावी, तिच्या मागची छोटी स्प्रिंग दबलेली नको.

मग सेटिंग. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर आणि हाउसिंगवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. दोष कोणत्या खुणेवर येतो त्यावरून भाग कळतो:

- बंद ते अष्टमांश: पायलट जेट आणि त्याचा स्क्रू
- अष्टमांश ते पाव: स्लाइडचा कापलेला भाग
- पाव ते पाऊण: सुई आणि तिची क्लिप
- पाऊणच्या पुढे: मेन जेट

सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं. वर घेतली की लीन. स्क्रू मात्र गोंधळात टाकतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा आहे, बाहेर सोडला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर सोडला की रिच. दोन्हींत सुरुवात दीड आटा बाहेर सोडून करा.

कार्ब आणि हेडमधलं रबर बघितल्याशिवाय जेटला हात लावू नका. ते वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. इथून हवा ओढली जात असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही रेस हळूहळू उतरते आणि कोणत्याही जेटने गाडी सुधारत नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या गाडीचं काय बिघडतं?

जुनं रबर फुगतं किंवा विरघळतं, आणि उभ्या गाडीत इथेनॉल हवेतलं पाणी शोषून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पाइप, कॉकचं पॅकिंग आणि फ्लोट बाउलचं ओ-रिंग इथेनॉल चालणाऱ्या रबराचं बसवा. सुईचं टोक व्हायटॉनचं असेल तर उत्तम.

पॉइंटची गाडी. ठेवू की इलेक्ट्रॉनिक करू?

पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच. नीट लावलेले पॉइंट वाईट नसतात आणि रस्त्यात बिघडले तर फीलर गेज आणि पेचकसाने दुरुस्त होतात. बहुतेक गाड्यांना फट ०.३५ मिमी. आधी फट, मग टायमिंग, याच क्रमाने. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. कॅमला टेकणाऱ्या फायबरला तांदळाएवढं ग्रीस लावा, नाहीतर ते झिजून फट स्वतःच कमी होत जाते.

बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनचं टायमिंग बल्बने लावता येतं. छोटा बल्ब पॉइंटची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये जोडा, स्विच चालू करा, इंजिन हाताने फिरवा. पॉइंट उघडतात त्याच क्षणी बल्ब पेटतो. तो क्षण आणि मॅग्नेटवरची खूण जुळली पाहिजे.

पॉइंटमध्ये सतत मोठी निळी ठिणगी दिसली आणि ते आठवड्यात जळाले तर कंडेन्सर बदला. नव्या पॉइंटांवर खर्च करत राहिलात तर तेही तसेच जळतील.

बॅटरी सारखी उतरते. मॅग्नेट गेलं का?

आधी मोजा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास शांत ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. गाडी चालू करून साधारण ३,०००-४,००० आरपीएमवर १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवून मारतोय. १३ च्या खाली असेल तर वायरीच्या जोडण्या, मग रेग्युलेटर, मग कॉइल, या क्रमाने बघा.

जुनी वायरिंग सांधत बसू की नवी घालू?

वायरीचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर नवी घाला. नाहीतर आधी अर्थ साफ करा, जुन्या गाडीचे विजेचे निम्मे विचित्र प्रकार तिथेच मिटतात. इंडिकेटर लावल्यावर मागचा दिवा लुकलुकतो, हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद होतो, हे अर्थचेच खेळ. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत गंज किंवा रंग आहे.

नवी घालताना बॅटरीपासूनची मुख्य वायर २.५ चौरस मिमी, हेडलाइटला १.५, इंडिकेटरला ०.७५ पुरते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीचा वायरचा तुकडा असुरक्षितच असतो. जोड चांगल्या क्रिंपिंग पकडीने करा. डाग दिलेली वायर डागाच्या कडेला कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठे वायर ताणली जात असेल तर ती आज नाही तर पावसाळ्यात दगा देईल.

एलईडी हेडलाइट लावला, तो थरथरतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो. एलईडीला डीसी लागतं. हेडलाइट बॅटरीवर घ्यायचा असेल तर चार्जिंग तेवढा भार सोसतं का ते वरच्या पद्धतीने, दिवा लावून, मोजा. एलईडी इंडिकेटर भराभर लुकलुकत असतील तर भारावर न चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

ड्रम ब्रेक कितीही टाइट केला तरी लागत नाही.

शूजवर चकाकी आली असेल तर जाड पॉलिश पेपरने ती घालवा. जुन्या शूजच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. लायनिंग २ मिमीवर आलं की बदला. ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्यापुढे ड्रम झिजला असेल तर नवे शूजही पूर्ण टेकत नाहीत.

चाक बसवताना एक्सलचा नट घट्ट करण्याआधी ब्रेक दाबून धरा, मग नट आवळा. शूज ड्रमच्या बरोबर मध्ये येतात आणि ब्रेकमध्ये जाणवण्याइतका फरक पडतो.

ब्रेक दाबल्यावर कॅमचा दांडा आणि केबल यांच्यातला कोन ९० अंशांच्या आसपास हवा. लायनिंग संपलेलं असताना दांडा काढून एक दात मागे बसवायचा, ही युक्ती करू नका. कॅम आडवा होऊन तसाच अडकू शकतो आणि चाक जाम होतं.

डिस्क ब्रेक असेल तर?

फ्लुइड डॉट ३ किंवा ४, झाकणावर लिहिलेलं असतं तेच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते इतरांत मिसळत नाही. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवा घ्या, घासून उपयोग नाही. ब्रेक सोडल्यावर चाक अडतं का? मास्टर सिलिंडरमधलं परतीचं सुईएवढं भोक बंद असण्याची शक्यता मोठी. हवा काढूनही लिव्हर मऊ राहिला तर तो रात्रभर दाबून बांधून ठेवा, बारीक बुडबुडे वर येतात. ब्रेकच्या रबराला साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. रंगावर सांडलेलं फ्लुइड लगेच पाण्याने धुवा.

टायरची नक्षी नवीन आहे. चालवू का?

बाजूवरचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षं ओलांडलेला टायर नक्षी कितीही असली तरी काढा. तीनच अंक असतील तर तो २००० सालाच्या आधीचा आहे.

पुढच्या शॉकअपची सील बदलली, महिन्यात पुन्हा गळायला लागली.

दांड्यावर गंजाचे खड्डे आहेत. नख फिरवून बघा, नख अडकलं की तिथे सीलची ओठ कापली जाते. सील प्रवास करते त्या भागात खड्डे असतील तर दांडा नव्याने हार्ड क्रोम करून घ्या किंवा बदला. ऑइल भरताना नुसतं मापून ओतू नका. स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून ऑइलची पातळी मोजा. दोन्ही बाजूंत एक-दोन मिमीपेक्षा जास्त फरक नको.

स्क्रूचं डोकं गोल झालंय, निघत नाही.

जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाला नीट बसत नाहीत, त्यांना जिस (जपानी मानक) मापाचा पेचकस लागतो. डोक्यावर छोटा ठिपका असेल तर तो जिस समजा. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी घ्या. पहिल्या ठोक्यानेच आट्यांतला गंज तडकतो. बोल्ट असेल तर आधी किंचित आवळून मग सोडवा.

तुटलेल्या स्टडमध्ये उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालताना दहादा विचार करा. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर ड्रिल त्याच्यावर चालत नाही. डावीकडे फिरणारं ड्रिल बिट आधी वापरा, कित्येकदा भोक पाडतानाच स्टड बाहेर येतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला. परत बसवताना एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, एम८ ला २० ते २५. एम६ ला हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांमुळेच हेलिकॉइल खपतात.

बेअरिंग ठोकू नका. सील काढून केसिंग १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बहुतेक वेळा ते स्वतःच्या वजनाने बसतं.

चेसिसला पावडर कोटिंग की रंग?

पावडर टिकाऊ, पण तिच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश तापमान असतं. बेअरिंग, बुश, प्लास्टिक आणि खड्डे भरायची साधी लांबी यातलं काहीही चेसिसवर राहता कामा नये. आटे, बेअरिंगच्या जागा, इंजिनच्या माउंटिंगचे चेहरे आणि अर्थची जागा झाकायला सांगा. चेसिस नंबर वाचता आला पाहिजे, तिथे ग्राइंडर किंवा जाड थर नको. टाकीला मात्र रंगच बरा, वर दोन घटकांचा क्लिअर, कारण साध्या स्प्रे डब्याचा क्लिअर पेट्रोलने सुटतो. दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क त्यापुढे काहीच नाही. बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क नसेल तर हे काम रंगाऱ्याकडे द्या.

इंजिनच्या केसिंगवर वाळूचं ब्लास्टिंग करू नका. एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तर क्रँकचं बेअरिंग जातं.

कॅफे रेसर (खाली हँडल, आखूड मागची बाजू अशी गाडी) करायची आहे. चेसिस कुठे कापता येते?

मागच्या शॉकअपच्या माउंटिंगच्या मागे, पुढे कधीच नाही. त्याच व्यासाच्या आणि जाडीच्या पाइपचं लूप घ्या, जोडाच्या आत घट्ट बसणारा पाइपचा तुकडा घाला आणि बाहेरून भोक पाडून तो तुकडाही वेल्ड करा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) सोडवा. चाक पूर्ण वर आल्यावर टायर लूपला किंवा सीटला लागतो का, ते शॉकअपच्या स्प्रिंगा काढून बघा. चेसिस कापलेली गाडी रस्त्यावर चालवता येते का, हे ती जिथे नोंदलेली आहे तिथल्या नियमांत आधी वाचा. मूळ भाग धड असलेली, कमी मिळणारी गाडी कापू नये, असं आमचं स्पष्ट मत. कापायला अर्धवट, भाग गहाळ असलेल्या गाड्या पुष्कळ मिळतात.

पुढून गाडी २५ मिमी खाली केली की स्टीअरिंगचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो. गाडी वळायला चपळ होते आणि सरळ रस्त्यावर अस्वस्थ. क्लिप-ऑन हँडल लावलं तर पूर्ण वळवून बोटं आणि टाकी यांच्यात अंतर राहतं का ते बघा, केबलही आखूड लागतील.

मूळ एअर बॉक्स काढून छोटे फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला, आता गाडी मध्येच दम सोडते.

मिश्रण लीन झालंय. मेन जेट दोन-तीन नंबर मोठा घेऊन सुरुवात करा आणि खाली या. रिचकडून लीनकडे येताना फार तर प्लग काळा होतो, उलट दिशेने जाताना पिस्टनला भोक पडतं. व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्ब्युरेटरला हे बदल फारसे मानवत नाहीत, त्यातल्या डायफ्रामला एअर बॉक्समधली शांत हवा लागते. दोन-स्ट्रोकचा सायलेन्सर तर इंजिनचाच भाग असतो. तो कापला की आवाज वाढतो, ताकद जाते.

पिकअप वाढवायला सर्वांत स्वस्त बदल कोणता?

पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान. १५-४२ चं १४-४२ केलं की गुणोत्तर २.८ वरून ३.० होतं, म्हणजे ओढ सुमारे ७ टक्के जास्त आणि त्याच वेगाला आरपीएमही तेवढाच जास्त. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर तो चुकत नाही, गिअरबॉक्सवरून असेल तर चुकतो. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

इंजिन बांधलं. पहिले काही दिवस कसे चालवायचे?

चालू झाल्यावर उभ्या गाडीवर अर्धा तास रेस करत बसू नका. रिंगा भाराखाली बसतात, आणि उभ्या गाडीला वाराही मिळत नाही. गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट फुलीच्या क्रमाने पुन्हा टॉर्कवर तपासा आणि चार-स्ट्रोकला व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा. मग छोट्या फेऱ्या, वेग सतत बदलता, अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या वर फार वेळ नाही. पहिलं ऑइल १०० किलोमीटरच्या आसपास काढा, दुसरं ५०० ला. १०० किलोमीटरवर सगळ्या स्पोकना पान्याने टिचकी मारून आवाज ऐका. जो बसका वाजतो तो सैल. त्याची निप्पल एका वेळी पाव फेराच आवळा आणि रिम डुलत नाही ना ते बघा.

आणि मग गाडी काही महिने उभी राहणार असेल तर?

कॉक बंद करून फ्लोट बाउल रिकामा करा. पोलादी टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करा, प्लगच्या भोकात थोडं ऑइल टाकून इंजिन हाताने दोनदा फिरवा. अधूनमधून पाच मिनिटं चालू करून ठेवू नका, ऑइल नीट तापत नाही आणि आत साचलेलं पाणी तिथेच राहतं.